‘जेवणाऐवजी व्हिटॅमिनच्या गोळ्या’ : त्या मेसेजबद्दल खुलासा

‘दहा दिवस जेवण बंद, फक्त मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, 8 किलो चरबी गायब’ हा मेसेज फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, म्हणून हे लिहितेय.

साधा हिशोब करा. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. आठ किलोंसाठी रोज सहा हजारांहून जास्त कॅलरींची तूट हवी. बहुतेकांचा दिवसभराचा खर्चच दोन-अडीच हजारांचा! सुरुवातीला काटा भराभर उतरतो खरा, पण त्यात पाणीच जास्त असतं, शिवाय स्नायूही झिजतात. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा सुरक्षित वेग.

व्हिटॅमिनमध्ये ना कॅलरी, ना प्रथिनं, त्यामुळे ती जेवणाची जागा घेऊच शकत नाहीत. आणि ए, डी, ई, के शोषली जायला आहारात स्निग्ध पदार्थ लागतात. ‘ए’चा अतिरेक यकृताला, गर्भालाही घातक. तपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील तेवढीच गोळी घ्यावी.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका. मी टाकलाय.