कॅल्क्युलेटरला बंदी

३० मार्चला सकाळी साडेदहाला मी कॅल्क्युलेटरवर क्लिक केलं आणि पडद्यावर चौकट उमटली: हे अ‍ॅप तुमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ब्लॉक केलं आहे. मी अकाउंट्सला. समोर व्हाउचरांचा गठ्ठा, मोबाइल नियमाप्रमाणे दाराजवळच्या ट्रेमध्ये जमा. (एक्सेल आहे की, असं म्हणणाऱ्याने एकदा डाव्या हाताने व्हाउचरं उलटत उजव्याने एक्सेल चालवून दाखवावं.)

मूळ भानगड पत्त्यांची. डिस्पॅचचे काका पेनड्राइव्हवरून आणलेला जुना सॉलिटेअर खेळायचे. आयटीने तो बंद केला, पण फाइलच्या नावाने! काकांनी नाव बदलून 'पगारपत्रक' ठेवलं. गोप्याला आत सोडू नको म्हणून वॉचमनला बजावावं आणि गोप्याने 'मी बाळ्या' म्हणत आत शिरावं, तसं.

मग आयटीत नवा पोरगा आला. त्याने अ‍ॅपलॉकर लावलं, म्हणजे कुठला प्रोग्रॅम चालू द्यायचा ते ठरवणारं विंडोजचंच कुलूप. विंडोज ७ पासून आहे म्हणे ते. प्रोग्रॅमवर सही कोणाची, तो कुठल्या फोल्डरात बसलाय, नाहीतर थेट त्याचा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसाच तपासतं. मी त्याला फोन लावला.

"सर, एक्सईचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमचे नियम टाकले, पॅकेज्ड अ‍ॅपचा, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या धाटणीच्या अ‍ॅपचा राहिला. नियम नाही म्हणजे बंद. विंडोज १० मध्ये कॅल्क्युलेटर त्यात मोडतो."

"मग टाक की बाबा!"

"टाकला. पण पॉलिसी, म्हणजे हे नियम, तुमच्या मशीनवर यायला नव्वद मिनिटं लागतात. वर आणखी अर्ध्या तासापर्यंत."

"लगेच नाही येत?"

"एक कमांड आहे, सर. पण ती टाइप करायची खिडकी, कमांड प्रॉम्प्ट, तुमच्याकडे ब्लॉक आहे."

"कोणी केला?"

"मीच, सर. तक्रारीचं तिकीट टाका."

तिकीट टाकलं. स्टोअरमधून साधा टेबलावरचा कॅल्क्युलेटर मागितला, तर त्याला साहेबांची सही, आणि साहेब ऑडिटरबरोबर आत. शेवटी गठ्ठा उचलून डिस्पॅचला गेलो. काका जुन्या वळणाचे, तोंडी हिशेबात पक्के.

काकांच्या पडद्यावर पत्ते मांडलेले होते.

"काका, हे चालतंय?"

"विंडोजच्या फोल्डरातलं सगळं घरचं समजतात म्हणे. भाच्याने तिथेच एका कोपऱ्यात ठेवून दिलंय. तू आकडे सांग."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी आकडे वाचत गेलो. चौथ्या व्हाउचरला काकांनी बदामची अठ्ठी इस्पिकच्या नव्वीवर सरकवली आणि मान वर न करता विचारलं, "हातचे किती होते रे?"