वैनगंगेच्या गोट्यांवरून आठवलं
चीनमधल्या ग्वांगझूच्या ऑपेरा हाऊसवरचा लेख आवडला. पर्ल नदीकाठी पाण्यानं घासून गुळगुळीत केलेल्या दोन गोट्यांसारखी इमारत, ही वास्तुकार झहा हदीद यांची कल्पना वैनगंगेकाठी वाढलेल्या माणसाला लगेच उमजते. पण लेखात सगळं कौतुक बाहेरच्या रूपाचंच! खरी गंमत आत आहे. २०१० साली उघडलेलं ते १,८०० खुर्च्यांचं सभागृह दोन्ही बाजूंनी सारखं नाही, मुद्दाम वाकडं आहे, तरी आवाज नीट पोचावा असं आखलेलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री कापडी मंडपात पहाटेपर्यंत नाटक चालतं; तिथं भिस्त नटाच्या गळ्यावर (आणि किरकिरत्या भोंग्यावर). आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला असं, अगदी साधं का होईना, पक्कं नाट्यगृह कोणी आखून देईल काय?