हेड फेस केलं म्हणजे कॉम्प्रेशन वाढवण्याचं काम झालं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रियेबद्दल आभार. मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं.

मागच्या लेखात मी पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ च्या १.८ लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ९ वरून १० वर नेण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की, एका आकड्याच्या वाढीने जेमतेम तीन टक्के ताकद मिळते, त्यापेक्षा टर्बो बसवावा. वाढवायचंच असेल तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) दीड मिलिमीटर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून आणावं, दुपारभराचं काम आहे. तुमच्या मित्राने पुण्यात तसंच केलं आणि गाडी ठणठणीत आहे. आता ई-२० (वीस टक्के एथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आलंय, ऑक्टेन (नॉकिंगला दाद न देण्याची ताकद) वाढलंय, तेव्हा नॉकिंगची (ज्वाळा पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटण्याची) भीती घालून मी हौशी लोकांना उगाच मागे खेचतो.

तीन टक्क्यांचा हिशेब बरोबर आहे. पुस्तकी सूत्राने ९ चं १० केलं तर कार्यक्षमता तीन टक्क्यांच्या आसपास वाढते. १३० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला चार हॉर्सपॉवर. टर्बो याच्या कितीतरी पट देईल. पण ही चार हॉर्सपॉवर मिळवण्यासाठी कोणी इंजिन उघडत नाही. कॉम्प्रेशन वाढवावं लागतं ते कॅमशाफ्टसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या दांड्यासाठी. स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाला वरच्या आरपीएमवर श्वास हवा असतो, म्हणून इनलेट व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम घालतात. तो व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही उघडा असतो, आणि तोवर दाब धरतच नाही.

याच इंजिनाचं उदाहरण घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८५. एका सिलिंडरचं आकारमान ४६० सीसी. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यानंतर ६० अंशांनी बंद होतो असं धरलं, तर तोवर पिस्टन सुमारे १६ मिलिमीटर वर आलेला असतो. म्हणजे कागदावरचं ९ प्रत्यक्षात साडेसात होतं आणि १० चं होतं ८.३. मोठा कॅम घालून कॉम्प्रेशन ९ वरच ठेवलं की गाडी खाली मरगळते, शहरात चालवायला नको वाटते. कॉम्प्रेशन वाढवून तो गेलेला जीव परत आणायचा असतो, आणि हा फरक अर्ध्या थ्रॉटललाही (पेडल अर्धं दाबल्यावर) जाणवतो. टर्बोचा रस्ता वेगळा आहे. तो धरला की कॉम्प्रेशन वाढवण्याऐवजी कमीच ठेवावं लागतं.

आता हेड फेस करण्याबद्दल. माझा खरा आक्षेप इथे आहे.

९ च्या कॉम्प्रेशनला पिस्टनच्या वर ५७.५ सीसी जागा उरते. १० साठी ती ५१ सीसीवर आणायची, म्हणजे साडेसहा सीसी कमी करायची. हेडमधल्या चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ४५ चौरस सेंटीमीटर धरलं, तर त्यासाठी १.४ मिलिमीटर घासावं लागेल. तुमच्या मित्राचा आकडा याच्या जवळच आहे, म्हणजे त्याने अंदाजाने केलं नसावं. पण एवढं घासल्याने काय बदलतं आणि काय बदलत नाही, ते बघा.

बदलत नाही ती स्क्विशची फट. पिस्टन वर येतो तेव्हा त्याची कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यात एक बारीक फट उरते. ती पुरेशी बारीक असली, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, की कडेचं मिश्रण जोराने मध्यभागी ढकललं जातं, घुसळतं आणि पटकन जळतं. नॉकिंग सुरू होतं ते बहुतेकदा कडेला उरलेल्या, सर्वात शेवटी जळणाऱ्या मिश्रणात. म्हणून ही फट फार महत्त्वाची. हेड कितीही घासा, त्याचा सपाट भाग शेवटी गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ थरावरच टेकतो. फट जेवढी होती तेवढीच राहते. दाब वाढला आणि नॉकिंग रोखणारी गोष्ट मात्र जागची हलली नाही. गॅस्केट ०.३ मिलिमीटरने पातळ घातलं तर कॉम्प्रेशन जेमतेम ९.२ होईल, पण फटही ०.३ ने कमी होईल. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग फेस केला तरी तसंच. आकडा छोटा असला तरी हे काम मला जास्त मोलाचं वाटतं.

बदलतं ते कॅमचं टायमिंग. हेड खाली सरकलं की कॅम आणि क्रँक (पिस्टनला जोडलेला खालचा दांडा) यांच्यातलं अंतर घटतं, बेल्ट तेवढाच राहतो आणि कॅम मागे पडतो. कॅमची पुली १२० मिलिमीटर व्यासाची धरली तर १.४ मिलिमीटरमागे क्रँकचे अडीच अंशांहून थोडे जास्तच. इनलेट व्हॉल्व्ह तेवढा उशिरा बंद होणार, म्हणजे मिळवलेल्या दाबातला काही भाग लगेच परत गेला. ॲडजस्टेबल पुली घालून हे सुधारता येतं, पण त्यासाठी ते बिघडलंय हे माहीत हवं. शिवाय व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं. मोठा कॅम घालणाऱ्याने प्लॅस्टिसीनची गोळी पिस्टनवर ठेवून, इंजिन हाताने फिरवून ते मोजल्याशिवाय हेड कसू नये.

उंच टोपीच्या पिस्टनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण हेड नाही तर पिस्टन असाच पर्याय लोक धरतात. चेंबरमध्ये पिस्टनचा डोंगर घुसला की ज्वाळेला वळसा पडतो. पोर्शे ९११ मध्ये हे ठळक दिसतं. १९८४ च्या ३.२ लिटर कॅरेराचं कॉम्प्रेशन युरोपात १०.३ होतं आणि अमेरिकेत ९.५. १९८९ मध्ये ३.६ लिटरच्या ९६४ या पुढच्या ९११ मध्ये त्यांनी ते ११.३ केलं, तेही हवेने थंड होणाऱ्या, १०० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये. पण त्यासाठी प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले आणि नॉक सेन्सर बसवले, कारण एका प्लगपासून निघालेली ज्वाळा एवढं अंतर वेळेत कापत नाही. एमएक्स-५ मध्ये बोअर ८३ मिलिमीटर आणि प्लग बरोबर मधोमध, म्हणून ते इंजिन १० सहज पेलतं. माझदानेच २००० नंतर त्याच घराण्यातल्या इंजिनाला १० दिलं.

पुढे त्याच कंपनीने स्कायॲक्टिव्ह इंजिनात कॉम्प्रेशन थेट १४ पर्यंत नेलं. तिथे लांब ४-२-१ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे, तो आवाजासाठी नाही. सिलिंडरमध्ये मागे उरणारा जळका वायू फार तापलेला असतो. समजा तो ७५० अंशांचा आहे आणि दहा टक्के उरला, तर २५ अंशांची ताजी हवा त्यात मिसळून दाबायच्या आधीच शंभराजवळ पोचते. तो वायू बाहेर काढला की नॉकिंगला जागा कमी. पुण्यात मे महिन्यात हवाच ४० अंशांची आत जाते, हेही या हिशेबात धरा.

ई-२० चा तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो. एथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच वर आहे आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता शोषतं, त्यामुळे मिश्रण थंड राहतं. कॉम्प्रेशन वाढवायला ई-२० इतकं चांगलं निमित्त दुसरं नाही. पण एथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. जुन्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) पूर्ण थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो. मग जिथे नॉकिंगचा धोका सर्वात जास्त, तिथेच मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. ऑक्टेनचा फायदा हवा असेल तर तो तक्ता सुधारावाच लागतो.

मित्राची गाडी ठणठणीत आहे, यावर माझा विश्वास आहे. नॉक सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयू नॉकिंगची चाहूल लागताच इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे ओढतो. कानाला काही ऐकू येत नाही, इंजिन वाचतं, पण कॉम्प्रेशनने दिलेला फायदा मागे ओढलेलं टायमिंग खाऊन टाकतं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला हा सेन्सर नाही. तिथे पिस्टनची कड बारीक वाळूने मारल्यासारखी खरबरीत व्हायला लागते, आणि ते हेड उघडेपर्यंत दिसत नाही. मी सावध लिहितो ते एवढ्याचसाठी. हे इंजिन उत्तम आहे आणि ते लोकांनी हौसेने वाढवावं, असंच मला वाटतं.

म्हणून मित्राला एक काम सांगा. सलग चढावर गाडी ताणून झाली की प्लग काढून उन्हात भिंगाखाली बघावेत. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले, तर ते ॲल्युमिनियम पिस्टनचं आहे. तसं असेल तर इग्निशन दोन अंश मागे घेऊन मग पुढचं बोलू.

आणि हेड पुन्हा कधी खाली उतरलं तर चेंबर मोजून घ्या. हेड उलटं, किंचित तिरकं ठेवायचं. व्हॉल्व्ह आणि प्लग बसलेले हवेत. तोंडाच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवून भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी दाबून बसवायची, भोक सर्वात उंच टोकाला. ब्युरेटमधून रंग घातलेलं रॉकेल सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा वाचायचा. चारही चेंबरमध्ये अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक आला, तर सर्वात लहान चेंबरचा सिलिंडर आधी नॉक करणार. कंपनीच्या पुस्तकातला आकडा तुमच्या हातातल्या हेडचा असेलच असं नाही.

त्या मोजमापाबरोबर बोअर, स्ट्रोक, दाबल्यानंतरची गॅस्केटची जाडी आणि पिस्टन ब्लॉकच्या किती खाली थांबतो ते इथेच लिहा. कॅमबरोबर येणारं आकड्यांचं कार्ड असेल तर इनलेट बंद होण्याचा अंशही द्या. आकडे आले की हिशेब करून पातळ गॅस्केट पुरेल की ब्लॉक फेस करावा लागेल, ते सांगतो.