बोटुकली सोडली म्हणजे नदी वाचली?

पुण्यातल्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुळा-मुठेवरून पुन्हा जुंपली आहे. 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाने शहराचं रूप पालटेल, असं एका बाजूचं म्हणणं. आधी मैलापाणी थांबवा, झाडं राखा, पात्र आवळू नका, असं दुसऱ्या बाजूचं. मधूनच कुणीतरी सुचवतं, “निदान मासे तरी सोडू या, नदी जिवंत होईल.” आणि मग मला विचारणा होते, की तुमच्या सिॲटलकडे साल्मन उड्या मारत गावात येतात, ते कसं जमवलं?

मी सिॲटलच्या पूर्वेला, इसाक्वात राहते. गावाच्या मधोमध ओढा वाहतो आणि त्याच्या काठावर 1936 साली बांधलेली हॅचरी, म्हणजे अंडी उबवून मासे वाढवण्याचं केंद्र, आहे. ऑक्टोबरात चिनूक जातीचे साल्मन समुद्रातून इथवर येतात. जवळून पाहिला तर हा मासा देखणा वगैरे काही नसतो. शेपटीची कड झिजून पांढरी पडलेली, पाठीवर बुरशीचे चट्टे. गोड्या पाण्यात शिरल्यापासून त्याने जवळपास काहीच खाल्लेलं नसतं. अंगात साठवलेल्या चरबीवर तो एवढा प्रवाह चढून आलेला असतो. हॅचरीचे लोक आधी त्याच्या पाठीवर, शेपटीकडे असलेला छोटा मांसल पर बघतात. कापलेला असेल तर मासा हॅचरीत वाढलेला, शाबूत असेल तर बहुधा ओढ्यात जन्मलेला. काहींच्या नाकाडात लहानपणीच मिलिमीटरभर तार टोचलेली असते. ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचली की मासा कुठून आणि कोणत्या वर्षी सोडला होता ते कळतं.

याच ओढ्यावर 1950च्या दशकात आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी या शास्त्रज्ञांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. ओढ्याच्या दोन फाट्यांमधून कोहो साल्मन पकडले, त्यातल्या काहींच्या नाकपुड्या बुजवल्या आणि सगळ्यांना संगमाच्या खाली नेऊन सोडलं. नाक उघडं असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्यात परतले. नाक बुजवलेले वाट चुकले. लहानपणी हुंगलेला आपल्या पाण्याचा वास मासा विसरत नाही. मासा पुन्हा आपल्याच ओढ्यात परतत राहिला, की पिढ्यान्पिढ्या त्या ओढ्याच्या पाण्याला, तपमानाला, पुराच्या वेळापत्रकाला जुळलेलं वाण तयार होतं. मासा त्या पाण्याचा असतो.

इथल्या लोकांनी नेमकं हेच कित्येक दशकं ध्यानात घेतलं नाही. धरण बांधायचं, जंगल तोडायचं आणि भरपाई म्हणून हॅचरी काढायची, हा शिरस्ता झाला. एका नदीची अंडी दुसऱ्या नदीत बिनदिक्कत नेली. पजेट साउंडच्या, म्हणजे सिॲटलला लागून असलेल्या खाडीच्या, परिसरातल्या कितीतरी हॅचऱ्यांमधले चिनूक मूळचे एकट्या ग्रीन नदीतले. 2007 साली ऑरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडचा, म्हणजे समुद्रात जाऊन येणाऱ्या रेनबो ट्राउटचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. हौदात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशांची नदीत प्रजननाची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. हौदात शत्रू नाही, खाणं वरून पडतं. तिथे जो मासा फोफावतो तो नदीत टिकेलच असं नाही. कोट्यवधी पिल्लं सोडूनही पजेट साउंडचा चिनूक 1999 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे, तो आजतागायत.

आणि हा धडा आपल्या अंगणातलाही आहे. दख्खनच्या निळ्या पराच्या महसीराचं वर्णन ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 साली केलं, ते पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे ज्या पात्रावरून आज भांडण चाललंय तेच या माशाचं शास्त्रीय जन्मस्थान. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात 1970च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होते आणि ते काम खरोखर मोलाचं आहे. पण तिथली बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाकाय महसीर होता. गळाने मासे धरणाऱ्यांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की निळ्या पराचा मासा वाढत गेला आणि कुबडवाला जवळजवळ दिसेनासा झाला. त्याचं शास्त्रीय नाव 2018 साली निश्चित झालं, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. हेतू चांगला होता, कष्टही प्रामाणिक होते. म्हणूनच “मासे सोडू या” हे वाक्य वाचलं की मला धडकी भरते.

मग इथे काय जमलं? आमच्याच राज्यातली एल्व्हा नदी. 1913 साली तिच्यावर पहिलं धरण झालं. माशांना वाट ठेवली पाहिजे असा कायदा तेव्हाही होता. वाटेऐवजी हॅचरी देतो म्हणून सूट मिळवली आणि ती हॅचरी 1922 साली बंद पडली. लोअर एल्व्हा क्लॅलम या आदिवासी जमातीने दशकानुदशकं झगडून 1992 साली नदी पूर्ववत करण्याचा कायदा करून घेतला. 2011 ते 2014 या काळात दोन्ही धरणं उतरवली. त्यानंतर जे झालं ते वाचताना मला आजही भरून येतं. धरणाच्या वर शंभर वर्षं अडकलेले रेनबो ट्राउट समुद्र विसरले नव्हते. वाट मोकळी होताच उन्हाळ्यात येणारे स्टीलहेड पुन्हा दिसू लागले आणि त्यांचं नातं त्या अडकलेल्या ट्राउटशी असल्याचं जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. मासेमारी 2011 पासून बंद ठेवली होती. 2023 साली जमातीने मोजके कोहो धरले.

ग्रुपवर लगेच उत्तर येतं, की तुमच्याकडे पैसा आहे, आमचं खडकवासला पाडून पुणं प्यायचं काय? बरोबर आहे. खडकवासला पाडा असं कुणीच म्हणत नाही. इथेही कोलंबिया नदीवरचं ग्रँड कूली धरण उभंच आहे आणि त्याला माशांची शिडीसुद्धा नाही.

पण पैशाइतकीच चिकाटीही लागते. सिॲटलच्या ओढ्यांमध्ये पावसानंतर कोहो अंडी घालण्याआधीच गरगर फिरत, तोंड वासून मरायचे. बरीच वर्षं कारण सापडेना. शास्त्रज्ञांनी रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यातली हजारो रसायनं एकेक करून बाजूला काढली आणि 2020 साली गुन्हेगार सापडला: टायरचं रबर तडकू नये म्हणून घालतात त्या द्रव्यापासून हवेतल्या ओझोनमुळे बनणारं रसायन, 6पीपीडी-क्विनोन. हेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवलं तर कोहो जगतात, हेही दाखवून दिलं. टायर पुण्यातही झिजतात. आपल्या माशांवर त्याचा काय परिणाम होतो, हे तपासण्याजोगं काम आहे आणि त्याला धरण पाडण्याइतका खर्च नक्कीच येत नाही.

आणखी एक गोष्ट मला या वादात खटकते. 1974 साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला, की सरकारशी झालेल्या जुन्या करारांनुसार धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर इथल्या जमातींचा हक्क आहे. त्यातून त्या व्यवस्थापनात भागीदार झाल्या. आज त्यांचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्याशिवाय हंगाम ठरत नाही. आमच्या ग्रुपवर वास्तुरचनाकार बोलतात, अभियंते बोलतात, सकाळी फिरायला जाणारे बोलतात. पिढ्यान्पिढ्या नदीवर जगलेल्या भोई समाजाचं नाव मी तिथे एकदाही वाचलं नाही. कुठल्या डोहात कोणता मासा होता आणि कधीपासून दिसेनासा झाला, हे त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यायला कुठल्याही निविदेची वाट बघावी लागत नाही. पुढच्या जनसुनावणीला जाल तेव्हा एवढं विचारा: काठाला दगड लावण्याआधी पात्रातल्या माशांची मोजणी कुणी केली आहे, ती कुठे वाचायला मिळेल, आणि काम झाल्यावर पुढची दहा वर्षं ती कोण करणार आहे?