पोटाला सगळं आठवतं म्हणे!

सिंहस्थ २०२७चा, पण रामकुंडाच्या पाण्याचे मेसेज आत्तापासूनच फिरायला लागलेत. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एकच मजकूर या आठवड्यात तिघांनी टाकला. त्याचा गाभा असा: 'सत्तर टक्के प्रतिकारशक्ती पोटात असते. मुलांना नदीचं पाणी, गाड्यावरचं खाणं लहानपणापासून द्या. पोट एकदा ओळखलेला जंतू जन्मभर विसरत नाही. अमुक काढ्याने सायटोकाइन वाढतात, की प्रतिपिंडं आपोआप वाढली. मग पोलिओ-रोटाचे थेंब कशाला?' मी पंचवीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय, गप्प बसवेना.

सत्तर टक्क्यांवर भांडत नाही. आकडा ढोबळ आहे, रोख बरोबर. आयजीए नावाचं प्रतिपिंड (जंतूला चिकटून अडवणारं प्रथिन) शरीर रोज जितकं बनवतं, तितकी बाकीची सगळी मिळूनही बनत नाहीत, आणि त्यातलं बहुतेक आतड्याच्या अस्तरात तयार होतं.

खरी गडबड 'सायटोकाइन वाढवा' इथे आहे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. कोणता निरोप, कुणाला, कधी, यावर सगळं अवलंबून. लहान आतड्यातल्या पायर्स पॅचेसमध्ये, म्हणजे प्रतिकारपेशींच्या पुंजक्यांमध्ये, कोवळी बी-पेशी (पुढे प्रतिपिंडं बनवणारी) येते ती आयजीएम हे सुरुवातीचं प्रतिपिंड घेऊन. टीजीएफ-बीटा हा निरोप मिळाला की ती आयजीएकडे वळते. मदतनीस टी-पेशींनी सोडलेलं आयएल-२१ हे सायटोकाइन तिला निवडीच्या चाळणीतून पुढे सरकवतं, आयएल-६ तिला प्रतिपिंडं ओतणारी प्लाझ्मा पेशी व्हायला मदत करतं. मग अस्तरातलं एप्रिल (हो, महिन्याच्याच नावाचं सायटोकाइन) तिला तिथे जगवतं. 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल सायटोकाइन नव्हे, पण पत्ता तेच लिहितं: रक्तात कितीही फिरलीस तरी उतरायचं आतड्यातच.

आता कोरोनाच्या लाटेतला २०२१चा एप्रिल आठवा. रेमडेसिव्हिरच्या जोडीने टोसिलिझुमॅबसाठीही लोक वणवण करत होते. ते इंजेक्शन आयएल-६चीच वाट अडवतं. तेव्हा जो निरोप अडवायला धावलो, तो आता काढा पिऊन वाढवायचा?

'पोट विसरत नाही' हे अर्धं खरं. माणसाच्या आतड्यातल्या काही प्लाझ्मा पेशी दशकानुदशकं टिकतात. पण २०१० साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग बघा: जंतू निघून गेल्यावरही त्याच्याविरुद्धचं आयजीए महिनोन्महिने राहिलं, मात्र नवे जंतू पोटात येत गेले तसं ते ओसरलं. आणि जुलाब घडवणारा रोटाव्हायरस त्याच मुलाला पुन्हा होतो, टायफॉइडही पुन्हा होतो, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य मात्र पाण्याचं. दूषित पाणी सतत पोटात गेलं की आतड्याला बारीक सूज राहते. वरून मूल ठणठणीत दिसतं, पण आत निरोपांचा इतका कालवा असतो की तोंडावाटे दिलेली लस नीट 'लागत' नाही. आपल्या रोटाव्हॅक लशीचं भारतातल्या चाचणीत तीव्र आजारापासून संरक्षण पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के होतं. श्रीमंत देशांत रोटाच्या लशी याहून बऱ्याच सरस ठरतात. याचं एक कारण हेच मानलं जातं. म्हणजे मेसेज ज्याला तालीम म्हणतो, त्याने शिकवणीच बुडते.

राहिले थेंब. पोलिओचं इंजेक्शन रक्तात उत्तम प्रतिपिंडं तयार करतं, आतड्यात फारशी नाहीत. थेंब विषाणूच्याच वाटेने जातात, म्हणून आतड्यात आयजीए उभं राहतं. आपल्याकडे दोन्ही देतात ते यासाठी. देशातला पोलिओच्या जंगली विषाणूचा शेवटचा रुग्ण हावड्याचा, जानेवारी २०११ मधला. त्यानंतर तो विषाणू इथे दिसला नाही, आणि त्यामागे हे थेंब आहेत, काढा नव्हे.

मेसेज टाकणाऱ्या तिघांपैकी एका काकांची नात पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांची होते. रोटाचा पहिला डोस तेव्हाच असतो, हे मी त्यांना वेगळं कळवलंय. सिंहस्थात डुबकी त्यांनी खुशाल मारावी, फक्त तोंड मिटून.