गुडघे बडोद्याचे, पेशी कुठल्याही

बायोटेकमध्ये एमएस्सी झालंय, नोकरीचा पत्ता नाही आणि दांडिया बाजारातल्या घरी वडील पेपराआडून रोखून बघतात? मग रीजनरेटिव्ह मेडिसिनचा स्टार्टअप काढा. ऑफिस मात्र अलकापुरीतच घ्या. झिजलेलं शरीर नव्याने उगवून देणाऱ्याचा पत्ता जुन्या वाड्यातला असून चालत नाही.

पहिली स्लाइड पालीची. शेपूट तुटते, पुन्हा येते; इन्व्हेस्टरला पुढचं समजावावं लागत नाही. नव्या शेपटीत मणके नसतात, नुसती कूर्चेची (कार्टिलेजची) नळी असते, हे विचारलं तरच सांगायचं. विचारत कोणी नाही. दुसऱ्या स्लाइडवर जपानी शास्त्रज्ञ यामानाका: 2006 साली उंदराच्या पेशींना चार जनुकं देऊन त्यांनी त्या पुन्हा मूळपेशींसारख्या (स्टेम सेल, म्हणजे ज्यातून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते) केल्या, 2012 साली नोबेल मिळालं. त्यांचा तुमच्या कंपनीशी संबंध काय? प्रेरणा!

बाजारपेठ बघायला सकाळी कमाटीबागेत जा आणि बाकांवर टेकलेले गुडघे मोजा. गुडघ्यातली हाडं एकमेकांवर घासू न देणाऱ्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा झिजली की फारशी भरून येत नाही. तुमचा धंदा यावरच उभा आहे. एखाद्या काकू कठडा धरून, तिरक्या होऊन, एकेक पायरी उतरत असतील तर व्हिडिओ घ्या. गुडघ्यात पेशींचं इंजेक्शन दिल्यानंतरचा व्हिडिओ सपाट जमिनीवर घ्या.

कंट्रोल ग्रुपच्या, म्हणजे तुलनेसाठी खरं औषध न देता ठेवलेल्या रुग्णांच्या, भानगडीत पडू नका. गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी पुष्कळांना बरं वाटतं, आणि मग तुमच्या महागड्या पेशींची अब्रू जाते. देशात अशा उपचाराला रीतसर मान्यता मिळवलेलेही आहेत म्हणा. रुग्णाच्याच कूर्चेचा तुकडा घ्यायचा, पेशी आठवडेच्या आठवडे वाढवायच्या, निर्जंतुक खोल्या, चाचण्या, कागदपत्रं. एवढ्यात तुमचं लग्नाचं वय निघून जाईल.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या विकारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर चाचणीच्या चौकटीतच करायचा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. घाबरू नका. पैसे घेताना ‘उपचार’ म्हणायचं, गुडघा सुजला की ‘चाचणी’. ही युक्ती परदेशातही चालते. फ्लोरिडात तीन वयस्क बायकांच्या दोन्ही डोळ्यांत पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. अभ्यासाची नोंद सरकारी यादीत होती, तरी प्रत्येकीकडून 5000 डॉलर घेतले. तिघींची दृष्टी जवळपास गेली, ते 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ही स्लाइड तुमच्या डेकमध्ये नसेल, हे सांगायला नकोच.

संमतीपत्र इंग्रजीत आणि जाडजूड असू द्या. काकूंनी चष्मा शोधायला पर्स उघडली की सेव-उसळ मागवा. तिखट रस्सा समोर आला की शेवटच्या पानावर सही होते. फी मात्र न्यू जर्सीतल्या मुलाकडे मागा. तो भाव करत नाही, आणि गुडघा बघायलाही येत नाही.