'सेड' दिसलं की टेन्स एक घर मागे? अहो थांबा जरा

सध्या व्हॉट्सॲपवर इंग्रजी टेन्सच्या टेबलाची (तक्त्याची) एक इमेज फिरतेय, माझ्याकडे तीन ग्रुपवरून आली: रिपोर्टेड स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपण सांगतो तेव्हा, 'सेड' दिसलं की आतला टेन्स एक घर मागे ढकला, प्रेझेंटचा पास्ट, पास्टचा पास्ट परफेक्ट, अपवाद फक्त वैश्विक सत्य, तिथे प्रेझेंटच पाहिजे. बास, पाठ करा म्हणे.

पहिलं म्हणजे अशी सक्तीच नाहीये. समजा आम्ही चौघं हॉटेलात टेबल अडवून बसलोय, वेटर दोनदा येऊन गेलाय आणि निल्याचा फोन आला की निघालोय. मी बाकीच्यांना सांगणार 'ही सेड ही इज कमिंग', कारण त्याचं येणं अजून बाकी आहे. 'वॉज' पण चालेल, चूक नाही. पण दीड तासाने बिल भरताना निल्याचा पत्ताच नसेल तर 'ही सेड ही वॉज कमिंग' एवढंच निघतं तोंडातून, आणि त्या 'वॉज'मध्ये अर्धी शिवी असते.

आता पास्ट परफेक्ट. 'द टीचर सेड दॅट इंडिया बिकेम इंडिपेंडंट इन 1947' यात 'हॅड बिकम' कशाला घुसडायचं, साल दिलंय ना? आणि हे बघा, टेबलाप्रमाणे केलेलं: 'शी सेड शी हॅड बीन स्लीपिंग व्हेन द फोन हॅड रंग'. कोण बोलतं असं! 'वॉज स्लीपिंग व्हेन द फोन रँग', झालं. 'हॅड' खरा लागतो तो घोळ होत असेल तिथे. 'ही सेड ही वॉज इल' म्हटलं की तो बोलताना आजारी होता असंच वाटतं, आधीचं आजारपण सांगायचं असेल तर 'हॅड बीन इल'.

वैश्विक सत्याचं तर अर्धवटच सांगितलंय. 'गॅलिलिओ सेड द अर्थ मूव्ह्ड राउंड द सन' हेही बरोबर आहे, पृथ्वी थांबली असं कुणी समजत नाही. पण टॉलेमीचं, म्हणजे सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो म्हणणाऱ्या त्या जुन्या खगोलशास्त्रज्ञाचं, सांगताना मात्र 'द सन वेंट राउंड द अर्थ'च बरं, 'गोज' लिहिलंत तर तुम्हालाही तसंच वाटतं असा अर्थ निघतो.

आपल्याला टेबलाचा आधार का वाटतो तेही कळतं म्हणा, मराठीत 'तो म्हणाला मी येतोय', टेन्स सोडा, 'मी'सुद्धा जागचा हलत नाही.

पेपरात मात्र टेबलाप्रमाणेच लिहा बाबांनो, तपासणाऱ्याला निल्या माहीत नसतो.